'एअरमन' म्हणजे वैमानिक का? (आणि 'बार'चं काय करायचं?)

चारुता:
आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी नॉर्मन जॅक्सनवर लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडकलेय. जॅक्सन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात सार्जंट होता, १०६ स्क्वाड्रनमधे, लँकेस्टर बॉम्बरवर फ्लाइट इंजिनिअर. २६ एप्रिल १९४४ च्या रात्री जर्मनीत श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकून हे लोक वर चढत निघाले होते, तेवढ्यात साधारण वीस हजार फुटांवर जर्मन फायटरने गाठलं आणि उजव्या पंखाला पेट्रोलच्या टाकीजवळ आग लागली. हा स्वतः पायाला आणि खांद्याला जखमी, तरी म्हणाला मी विझवतो, कॅप्टनची (म्हणजे पायलटचीच) परवानगी घेतली, आग विझवायचं नळकांडं जॅकेटात खुपसलं आणि पायलटच्या डोक्यावरचं झाकण उडवून बाहेर पडला. विमानाचा वेग ताशी २०० मैल! बाहेर पडता पडता त्याचं पॅराशूट आतच उघडलं, तर पायलट, नॅव्हिगेटर आणि बॉम्ब टाकणारा अशा तिघांनी ते कसंबसं गोळा केलं, दोऱ्या हातात धरल्या आणि तो जसा सरकेल तशी ढील देत राहिले.
तो पंखावर घसरला, नळकांडं हातातून गेलं, चेहरा हात भाजले आणि अर्धवट जळक्या पॅराशूटने खाली पडला. घोटा मोडलेला. उजाडल्यावर रांगत जवळच्या गावात गेला आणि पकडला गेला. १९४५ च्या ऑक्टोबरमधे त्याला व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, जाहीर झाला.
त्या जाहीर झालेल्या मानपत्राचं पहिलं वाक्य आहे 'हा एअरमन लँकेस्टरचा फ्लाइट इंजिनिअर होता'. मी लिहिलं 'हा वैमानिक'. आमच्या मामांनी लाल पेनाने खोडलं, म्हणाले वैमानिक म्हणजे पायलट, हा पायलट कुठे होता. मग काय लिहू?

लोहगावकर:
तुमचे मामा बरोबर आहेत ताई. मी वीस वर्षं एअरफोर्समधे एअरमन होतो, इंजिन फिटर, आयुष्यात एकदाही विमान चालवलेलं नाही. आपल्याकडे एअरमन म्हणजे ऑफिसरच्या खालचा, कॉर्पोरल सार्जंट वगैरे, आणि त्यातले बहुतेक जण जमिनीवरच काम करतात. गावाला गेलो की लोक म्हणायचे हा विमान चालवतो, मी सांगून सांगून थकलो, शेवटी आईनेच एकदा देवळात सगळ्यांना सांगितलं की तो चालवत नाही, तो नीट ठेवतो म्हणून दुसरे चालवतात. तेव्हा एअरमनला वायुसैनिक म्हणा. सरळ शब्द आहे.

मृण्मयी:
वायुसैनिकने अर्धंच काम होतं हो काका. मानपत्रात जो 'एअरमन' आहे त्यात हुद्दाही आहे (तो सार्जंट होता, ऑफिसर नव्हता) आणि उडणंही आहे. वायुसैनिक म्हटलं की कोठारातला कारकूनही आला. लँकेस्टरमधे सात माणसं असायची, पायलट एकच. बाकी सहांना आपल्याकडे शब्दच नाही असं होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की विमानात एकटा पायलट होता आणि उरलेले प्रवासी.

निरुक्त:
शब्द नाही असं नसतं, करायचा असतो. दिनांक, महापौर हे शब्द सावरकरांनी घडवले तेव्हा लोक हसलेच होते, आज कुणाला खटकतात? फ्लाइट इंजिनिअरला 'उड्डाण अभियंता', नॅव्हिगेटरला 'दिशावेधक', गनरला 'तोफची'. आणि एअरमनला 'नभोवीर'.

मृण्मयी:
नभोवीर नको, कृपा करून. वीर आहे की नाही हे पुढच्या परिच्छेदात वाचकाला कळू दे की, नावातच कशाला सांगायचं. आणि उड्डाण अभियंता वाचून माझ्या डोळ्यापुढे पूल बांधणारा माणूस येतो. लँकेस्टरचा फ्लाइट इंजिनिअर पायलटच्या शेजारी बसून चार इंजिनांचे काटे बघायचा, पेट्रोल एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरवायचा, उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल सांभाळायचा. त्या कामाचं नाव 'फ्लाइट इंजिनिअर' असंच ठेवा आणि एका वाक्यात काम सांगा. वाचक मूर्ख नसतो.

पंचगंगा:
मला मामांशीच भांडायचंय :) आमच्या घरी जैन परंपरेत देवांचे चार प्रकार सांगतात, भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक. आजी रोज म्हणायची. तर वैमानिक देव म्हणजे विमान चालवणारे देव नव्हेत, विमानात राहणारे देव! विमान + इक, विमानाचा तो वैमानिक. चालवणं त्यात कुठेच नाही, ते आपण नंतर चिकटवलं. त्या हिशोबाने लँकेस्टरमधले सातही जण वैमानिकच आणि शेपटाकडच्या काचेच्या घुमटात एकटा थंडीत बसलेला रिअर गनर तर पहिला वैमानिक. चारुताताई, तुमचं मूळ वाक्य बरोबर होतं.

चारुता:
पंचगंगा, हे फारच सुंदर आहे! मामांना वाचून दाखवलं, ते गप्प झाले आणि मग म्हणाले की पेपर वाचणारा माणूस आजीला विचारायला जात नाही.

लोहगावकर:
मामांचंच म्हणणं मला पटतं. व्युत्पत्ती काही का असेना, आज एसटी स्टँडवर दहा जणांना वैमानिक कोण विचारा, दहाही पायलट म्हणतील. शब्द जिथे पोचलाय तिथून त्याला मागे ओढता येत नाही.

अंधेरीकर:
एअरमन बाजूला ठेवून जरा 'बार'चं बघा, शीर्षकात आहे आणि कुणी हातच लावला नाही. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॉम्बर पायलट लिओनार्ड चेशायर, त्याची पदकं अशी लिहितात: व्हीसी, डीएसओ आणि दोन बार, डीएफसी (डीएसओ, डीएफसी हीही ब्रिटिश लष्करी पदकंच). हे मराठीत जसंच्या तसं लिहिलं तर काय वाटेल सांगा! (हाच तो चेशायर ज्याने नंतर अपंगांसाठी घरं सुरू केली, आमच्या अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर आहे त्यातलं एक, लहानपणी शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं.)

सातारी:
आमच्याकडं बार म्हणजे बंदुकीचा. बार उडाला, फुसका बार निघाला. पदकाच्या पुढं बार लावला की फारच विचित्र.

मृण्मयी:
बार म्हणजे फितीवर लावायची धातूची आडवी पट्टी, तेच पदक पुन्हा मिळालं की दुसरं पदक न देता पट्टी देतात. आपल्या हवाई दलातही आहे, पद्मनाभ गौतम, कॅनबेरा बॉम्बरचे पायलट, १९६५ च्या लढाईत महावीर चक्र आणि १९७१ ला पुन्हा महावीर चक्र, म्हणजे बार. पुढच्याच वर्षी पुण्यात मिग अपघातात गेले. मी तरी सरळ 'दोनदा महावीर चक्र' लिहिते. चेशायरला 'तीनदा डीएसओ'. पट्टी दिसत नाही पण अर्थ पोचतो.

निरुक्त:
'पट्टीसह' म्हणा ना मग, महावीर चक्र पट्टीसह. अर्थही पोचतो, वस्तूही दिसते. दोनदा हा हिशोब झाला, सन्मान नाही.

मृण्मयी:
पट्टीसह म्हटलं की जखमेची पट्टी. नाही जमत.

लोहगावकर:
त्यात अजून एक 'क्लास्प' आहे, तो वेगळा. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांच्या विभागातल्या, लोकांना दुसरं महायुद्ध संपल्यावर स्वतःचं असं मोहिमेचं पदकच दिलं नाही. सव्वा लाखाच्या आसपास लोक उडाले, त्यातले ५५,५७३ मेले, आणि २०१३ साली '१९३९-४५ स्टार' या युद्धातल्या सगळ्यांसाठीच्या पदकाच्या फितीवर लावायला 'बॉम्बर कमांड' लिहिलेली पट्टी मिळाली, तोवर किती जण उरले असतील. ती पट्टी म्हणजे क्लास्प. आता बारही पट्टी आणि क्लास्पही पट्टी म्हणाल तर एक पट्टी पराक्रमाची आणि एक नुसती तिथे होतो याची, दोन्ही एकच होऊन जातील. तसं करू नका. माझ्यासारख्याला ही गोष्ट लागते.

चारुता:
काका, हे मला माहीतच नव्हतं. लेखात घेते.

पंचगंगा:
पराक्रम म्हणालात म्हणून विचारते, गॅलंट्रीला शौर्य, पराक्रम, वीरता यातलं काय? जॅक्सनचं एका रात्रीचं. चेशायरला व्हीसी एका कृत्यासाठी दिलाच नव्हता, चार वर्षं आणि शंभर मोहिमा, सतत दाखवलेल्या धाडसासाठी दिला. दोन्हीला शौर्यच? मला वाटतं पहिलं शौर्य आणि दुसरं धैर्य. शूर एकदा उडी मारतो, धीराला रोज संध्याकाळी परत त्याच विमानात चढावं लागतं.

मृण्मयी:
पण जॅक्सनही रोज चढतच होता ना? त्याची ठरलेली ३० उड्डाणं पूर्ण झाली होती, आपल्या साथीदारांची राहिली होती म्हणून तो आपणहून पुन्हा गेला. त्याला धैर्य नाही म्हणणार? शौर्यच ठेवा. व्हीसीवर कोरलेल्या शब्दांची गोष्ट माहितेय का, आधी 'शूरांसाठी' अशा अर्थाचं सुचवलं होतं, व्हिक्टोरिया राणीनेच बदलून 'शौर्यासाठी' केलं. शूरांसाठी लिहिलं तर ज्यांना क्रॉस मिळाला तेवढेच शूर होते असं लोकांना वाटेल, म्हणून.

निरुक्त:
हे राणीचं मात्र शंभर टक्के मान्य. क्रॉस नसलेलेही शूर असतातच. जॅक्सनचा कॅप्टन आणि रिअर गनर परत आले नाहीत, दोऱ्या धरणाऱ्यांत तो कॅप्टनही होता.

सातारी:
आमची पणजी पदक शब्दच वापरत नव्हती. तिच्यासाठी पदक म्हणजे गळ्यातला दागिना. पणजोबांना मिळालेलं ते 'बिल्ला'. ट्रंकेत तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलेला असायचा, दसऱ्याला कोयता नि विळ्याबरोबर पूजेला काढायची. 'बिल्ला पुसून आण' म्हणायची. लष्कराच्या गावांत सगळीकडं बिल्लाच ऐकलाय.

निरुक्त:
बिल्ला हा पट्टेवाल्याचा, हमालाचा. शौर्यपदकाला बिल्ला म्हणणं मला तरी पटत नाही.

सातारी:
पणजीला पटायचं. ज्याला मिळाला त्याच्या घरात जो शब्द होता तो हलका कसा? हमालाचा बिल्लाही हमाल छातीवरच लावतो की.

लोहगावकर:
सातारीशी सहमत. आमच्याकडे 'मेडल'च म्हणत आणि त्यात काही कमी वाटत नसे.

अंधेरीकर:
अवांतर: दुसऱ्या महायुद्धातले सैनिक यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावला आहे, रायगडातले, इटलीत १० जुलै १९४४ ला गेले, मरणोत्तर व्हीसी. म्हणजे जॅक्सन जर्मनांच्या हाती होता त्याच उन्हाळ्यात. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला जातोय, खाली काय लिहिलंय बघून येतो, पदक आहे का क्रॉस आहे का अजून काही.

चारुता:
नक्की बघा, आणि हुद्दा कसा लिहिलाय तेही. माझं पान उद्या सकाळी द्यायचंय, तूर्तास 'हा सार्जंट लँकेस्टरचा फ्लाइट इंजिनिअर होता' एवढंच लिहिलंय, एअरमन गाळलाय. मामा ठीक म्हणाले. मला अजून ठीक वाटत नाहीये.

पंचगंगा:
मरणोत्तरवरून आठवलं, शहीद का हुतात्मा यावर कधी बोलायचं?