दिवसभरात तीन किलोमीटर, तेही बोटीने. गुडघा साथ देईल का?

नौपाड्याचा_जुना_भिडू:
नमस्कार मंडळी. लेक-जावई इंग्लंडात बाथजवळ राहतात. मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. त्यांनी आठवडाभरासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब अरुंद बोट, भाड्याने घेतलीय, त्यातला एक दिवस आम्हीही बोटीवर. नेमका तो दिवस डिवायझेस गावाखालच्या केन हिलचा, म्हणजे कालव्याने डोंगर चढायचा. लेक म्हणाली, "बाबा, एकोणतीस लॉक आहेत, म्हणजे बोट वर चढवायच्या पाण्याच्या पायऱ्या, दोन मैलांत. पाच-सहा तास लागतील." अगं, ठाणे ते सीएसएमटी चौतीस किलोमीटर मी तीस वर्षं तासाभरात केले, तेही उभ्याने. आता तीन किलोमीटरला दिवस घालवू? एवढं म्हणेपर्यंत हिने फोन काढून घेतला आणि "येतो" म्हणून सांगून टाकलं.

उजवा गुडघा जुना दुखणाईत आहे, जिना उतरताना बोंब. बोटीवर नुसतं बसून राहिलं तर चालतं का? चालवायला लायसन लागतं का? हिला पोहता येत नाही. आणि खरं सांगा, कंटाळा येतो का?

कोपरीकर_७२:
तलावपाळीला पेडल बोट मारा. अर्ध्या तासात उतरता येतं आणि समोर कुल्फी मिळते.

नेरुळची_वहिनी:
कोपरीकर, गप्प बसा जरा.

काका, मी २०१८ च्या जूनमध्ये हीच चढण केली. नणंद तिकडे असते, तिच्याबरोबर. माझेही दोन्ही गुडघे बोलतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गुडघ्याचं. खालून वर जाताना बोट रिकाम्या लॉकमध्ये शिरते, म्हणजे तुम्ही विहिरीच्या तळाशी असता. दोन्ही बाजूंना ओल्या भिंती. वर यायला भिंतीत लोखंडी शिडी असते, शेवाळाने बुळबुळीत. त्या शिडीच्या वाटेला जाऊच नका. एकतर आत शिरण्याआधीच काठावर उतरा, नाहीतर आत शिरल्यावर बोटीतच राहा. मी पहिल्या लॉकला शिडी चढले आणि उरलेल्या अठ्ठावीस लॉकना काठाकाठाने चालले. तिथे सगळे तसंच करतात. एक जण सुकाणूवर, बाकीचे पायी. बोट काही तुमच्यापुढे पळत नाही. उघड्या कालव्यातसुद्धा ताशी चार मैल ही मर्यादा आहे आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू.

आता लॉक म्हणजे काय ते सांगते. दोन दारांमधली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची, वरच्या झडपा उघडायच्या. पाणी आत येतं, बोट वर उचलली जाते, पाणी वरच्या पातळीला आलं की पुढची दारं उघडायची. झडपा फिरवायला हातात काटकोनी पान्हा देतात, त्याला विंडलास म्हणतात. तो दांड्यावर अडकवून कधीही सोडू नका. खिट्टी निसटली तर गरगर फिरतो आणि मनगट मोडतो. नणंदेचा मुलगा सकाळपासून हेच पाच वेळा बजावत होता आणि दुपारी त्याचाच पान्हा पाण्यात पडला. सुदैवाने बोटीवर दुसरा होता.

दार ढकलायला मोठी तुळई असते, टोकाला पांढरा रंग. हाताने ढकलायची नाही. तिला पाठ लावायची, टाचा रोवायच्या आणि मागे मागे सरकायचं. पाणी दोन्हीकडे सारखं झालं नसेल तर हत्ती लावला तरी दार हलत नाही आणि सारखं झालं की एक बाईमाणूसही उघडते. मी उघडलं. तुमच्या गुडघ्याला हे काम जमेल, झडपा काकूंना द्या.

आमची फजिती सांगते. अकराव्या की बाराव्या लॉकला पाणी चढेचना. दहा मिनिटं आम्ही सगळे काठावर उभे राहून पाण्याकडे बघतोय. तिथला लॉक रुंद असल्याने दोन बोटी शेजारी शेजारी मावतात, म्हणून शेजारच्या बोटीतले म्हातारे आजोबा आमच्याबरोबरच होते. ते काही न बोलता चालत मागे गेले आणि खालच्या दाराची झडप बंद करून आले. आमच्याकडूनच अर्धी उघडी राहिली होती. वरून नळ सोडलाय आणि खाली मोरीचं बूच काढून ठेवलंय! नंतर मी त्यांना बाकरवडी दिली.

कंटाळा? सोळा लॉक एका सरळ रेषेत डोंगर चढतात, ते खालून बघाल तेव्हा बोला. दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला जागाच नाही, म्हणून प्रत्येकाला बाजूला एक लांबट तळं काढलंय. १८१० साली हे बांधून झालं. पुढे कालवा मोडकळीला आला आणि १९९० साली परत सुरू झाला. एक लॉक भरायला साधारण सव्वादोन लाख लीटर पाणी लागतं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या भाषेत दहा हजारी टँकर बावीस. ते खाली वाहून जातं आणि पंपाने परत वर आणतात.

लायसन लागत नाही, बोटवाले निघण्याआधी शिकवतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, मी त्यापायी एकदा थेट लव्हाळ्यात घुसले. लाइफ जॅकेट मागून घ्या.

कळव्याचा_डॉकवाला:
वहिनींनी छान लिहिलंय. काका, लॉकगेट आपल्यालाही नवं नाही. मी गोदीत नोकरी केली. इंदिरा डॉकला, म्हणजे १९१४ च्या जुन्या अलेक्झांड्रा डॉकला, असाच लॉक आहे, साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद. फरक एवढाच की तिकडे डोंगर चढायचा आणि आपल्याकडे भरती-ओहोटी सांभाळायची. बाहेर ओहोटी लागली तरी आतलं जहाज तरंगत राहिलं पाहिजे.

एक राहिलं. उतरताना वरच्या दारापाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला तर पुढचा खाली जातो आणि बोट बुडते. काठावर पांढरी रेघ असते, तिच्या पुढेच राहायचं. तुम्ही चढणार आहात, म्हणून लागू नाही, पण जावईबापू परत येतील तेव्हा लागेल.

नौपाड्याचा_जुना_भिडू:
वहिनी, शिडीचं वाचून हायसं वाटलं. लेकीला आताच कळवलं की बाबा तुळईवर. ती म्हणते, "बाबा, तुम्ही बसणार होतात ना?" हिने पान्हा स्वतःकडे मागून घेतलाय. एकच विचारतो, चहाचं काय?

नेरुळची_वहिनी:
बोटीत गॅस असतो. पण चढणीत कोणी आत नसतंच. आम्ही पहाटेच थर्मास भरून काठाकाठाने नेला होता. चहापूड मात्र इथूनच न्या.