मदत हवी आहे: बाळंतिणींचा खरा अभिप्राय मोबाइलवर कसा मिळवायचा?

नमस्कार. मी ५० खाटांच्या एका उपजिल्हा रुग्णालयात प्रसूती विभागाची परिसेविका आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांचा सल्ला हवा आहे.

सहा महिन्यांपूर्वी वॉर्डात क्यूआर कोड लावला. बहुतेक बायकांकडे स्वतःचा फोन नसतो, म्हणून डिस्चार्जच्या वेळी आमचीच सिस्टर टॅब घेऊन खाटेपाशी जाते. स्वच्छता, वागणूक, औषधं, कुणी पैसे मागितले का, असे पाच प्रश्न. जवळजवळ सगळ्यांचे पाचपैकी पाच तारे.

गेल्या महिन्यात एक जण बाळाच्या दीड महिन्याच्या लशीला आली आणि जाता जाता म्हणाली, "सिस्टर, संडासाची कडी बसवली का हो?" कडी तुटलेली होती. टाके पडलेली बाई एका हाताने दार ओढून धरून आत बसायची, बाहेर सासू राखण करायची. तिचा फॉर्म काढून पाहिला, स्वच्छतेला पाच तारे! विचारलं तर म्हणाली, "तुम्ही समोर उभ्या, अन् माझं डिस्चार्ज कार्ड अजून तुमच्याच हातात. कशी बोलणार?"

कडी त्याच दिवशी बसवली. पण इतके दिवस किती जणींनी ते दार धरलं असेल, हे डोक्यातून जात नाही.

केंद्र सरकारच्या 'मेरा अस्पताल' या अभिप्राय उपक्रमात २०१६ पासून रुग्णाला एसएमएस करून किंवा फोन करून विचारतात. घरी गेल्यावर विचारणं मला पटतं. आमची अडचण नंबरची. केसपेपरवर नवऱ्याचा नंबर असतो, नाहीतर आशाताईंचा. नवरा लेबर रूममध्ये आलेलाच नसतो, तो काय सांगणार?

आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. त्यातल्या सातव्या दिवशी त्यांच्या फोनवर बाईने आपल्या बोलीत दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करावं, असं मनात आहे. पण आशाताई समोर असताना ती मोकळी बोलेल का? कुणी हे करून पाहिलंय का? रेकॉर्डिंग आमच्या स्टाफने ऐकावं की बाहेरच्या कुणी?

तारे ठेवावेत की नाहीत, हेही सांगा. इंग्लंडमध्ये एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०१३ पासून 'इथली शिफारस कराल का' असं विचारलं आणि २०२० मध्ये तो प्रश्न बदलून 'अनुभव कसा होता' असा केला. आमच्या तालुक्यात दुसरं सरकारी प्रसूतिगृहच नाही, तिथे शिफारशीचा प्रश्न विचारून काय उपयोग? मला 'इथे असताना कशाचा त्रास झाला?' एवढा एकच प्रश्न ठेवावासा वाटतो.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे तारे कमी आले की सिस्टरकडे खुलासा मागतात. मग ती बाईच्या हाती टॅब देताना "चांगलं लिहा हं ताई" म्हणते, आणि तिला तरी दोष कसा देऊ? तुमच्याकडे वरिष्ठांना हे कुणी, कसं पटवून दिलं?