फोनवरच्या ऑर्डरबद्दल थोडं

ताई, रात्री डॉक्टर सर फोनवर इंजेक्शन सांगतात, केसपेपरवर त्यांची सही मात्र दोन-दोन दिवस होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. लातूरला खासगी हॉस्पिटलात नर्स म्हणून आठ वर्षं नाईट काढल्या, हेच भोगलंय.

एकदा इन्सुलिनचे ‘फिफ्टीन’ मला ‘फिफ्टी’ ऐकू आले. परत विचारलं म्हणून निभावलं; वर ‘कान तपासून घ्या’ हे ऐकावं लागलं ते वेगळंच! तेव्हापासून आकडा सुटासुटा म्हणते, ‘एक-पाच, पंधरा युनिट, बरोबर ना सर?’ ऐकलेलं आधी लिहायचं, मग वाचून दाखवायचं. जमलं तर दुसऱ्या सिस्टरला स्पीकरवर ऐकवायचं. वेळ, डॉक्टरांचं नाव, आपली सही लगेच. ‘युनिट’ पूर्ण लिहा. नुसता इंग्रजी ‘यु’ घाईत शून्यासारखा दिसतो अन् १० चे १०० होतात. अर्धा ०.५ असा लिहा, बिंदूआधीचं शून्य गाळू नका.

पोटॅशियम क्लोराईड कुणीही सांगो, पातळ न करता थेट शिरेत द्यायचं नाही म्हणजे नाही. तिथं हृदय थांबतं.

सही सकाळच्या राऊंडलाच मागा. सर चिडले तर चिडू द्या. उद्या काही झालं तर केसपेपरवर अक्षर तुमचंच दिसणार.