दूध बंद केल्यावर फीट थांबतात का?

रानजाई:
मुलगी 7 वर्षांची. दोन वर्षांपासून फीट येतात, जोडीला अर्धशिशी आणि पोटदुखी. मी वहीत रोजचं खाणं लिहिते. पनीर, खरवस, आइस्क्रीम झालं की दुसऱ्या दिवशी डोकं धरते, पुष्कळदा फीटही येते. डॉक्टरांनी वही उघडलीसुद्धा नाही. 1989 साली डॉ. एगर आणि सहकाऱ्यांनी फीटसोबत डोकेदुखी, पोटदुखी किंवा अतिचंचलपणा असलेल्या 45 मुलांना मोजक्याच पदार्थांवर ठेवलं. 25 जणांच्या फीट थांबल्या, 11 जणांच्या कमी झाल्या. मग आमची वही बघायला काय हरकत होती?

सातारकर:
ताई, पुढचं का सोडलंत? त्याच अभ्यासात नुसता अपस्मार असलेली 18 मुलं होती, त्यांना काहीच फरक पडला नाही. आणि मुलं आइस्क्रीम खातात कधी? लग्नात, वाढदिवसाला, जागून. झोपमोड झाली तरी फीट येते. वहीत झोपेचा रकाना आहे का?
माझ्या पुतण्याची रक्तातली आयजीजी (अन्नाविरुद्धच्या प्रतिपिंडांची) तपासणी करून दूध, गहू, अंडी, शेंगदाणे सगळं तोडलं. आयजीजी असणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, हे आम्हाला नंतर कळलं. पोरगं वाळलं. त्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधही एकदम थांबवलं आणि थेट आयसीयू. ती रात्र मी विसरलेलो नाही.

रानजाई:
वाचूनच पोटात गोळा आला. पण दादा, औषध बंद करा असं मी कुठे म्हटलंय? झोपेचा रकाना नाही, कबूल. तरी त्याच अभ्यासात 16 मुलांना नकळत त्रास देणारा पदार्थ परत दिला तेव्हा 15 जणांचा त्रास उलटला, त्यात 8 जणांना फीट आली. नकली पदार्थाने कुणालाच काही झालं नाही. हे जागरणाने होतं का?

मेथीदाणा:
मी आहारतज्ज्ञ आहे. फीटसाठी 1921 पासून माहीत असलेल्या कीटोजेनिक आहारात (स्निग्ध पदार्थ खूप, पिष्टमय-गोड अगदी कमी) साय-लोणी भरपूर असतं आणि त्यावर कित्येक मुलांच्या फीट कमी होतात. म्हणून सरसकट दुधाला दोष देता येत नाही. गव्हाचं वेगळं. सीलिअक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या काही मुलांच्या मेंदूत मागच्या बाजूला कॅल्शियम साठतं आणि फीट येतात. ती अ‍ॅलर्जी नव्हे. पण टीटीजी, म्हणजे सीलिअकसाठीची रक्ततपासणी, गहू चालू असतानाच करा, आधी बंद केला तर निकाल फसवा येतो.

सातारकर:
हे पटलं. तरी वाढत्या पोरीचं दूध वहीच्या भरवशावर तोडू नका.

रानजाई:
वहीच्या भरवशावर नाही तोडणार. झोप आणि डोसच्या वेळा आजपासून लिहिते. पण वही उघडून बघणारा दुसरा डॉक्टर मात्र शोधणार.