जुन्या लेन्ससोबत बॉक्स हवाच का? एका साडेनऊ हजारी सल्ल्याला उत्तर

नौपाड्याचा निवांत

गेल्या आठवड्यात मी या मंचावर माझी निकॉनची ७०-३०० व्हीआर लेन्स (दूरचे टिपणारी झूम; व्हीआर म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय) विकायला काढली आणि १४,००० रुपये किंमत सांगितली. त्यावर वाशीकर ७४ यांनी जे लिहिले ते जसेच्या तसे देतो: "बॉक्स नसेल तर साडेनऊच्या वर कोणी शहाणा माणूस देणार नाही. ज्याने बॉक्स सांभाळला नाही, त्याने लेन्स काय सांभाळली असणार?" विक्रीच्या जाहिरातीखाली भांडणे बरे दिसत नाही म्हणून तेथे गप्प बसलो, परंतु ते दुसरे वाक्य काही डोक्यातून जात नाही.

(गेल्या काही वर्षांत 'खोके' या शब्दाला आपल्याकडे, आणि ठाण्यात तर विशेषच, निराळा अर्थ चिकटला असल्यामुळे मी 'बॉक्स'च म्हणतो.)

म्हणजे पुठ्ठ्याचे मोल साडेचार हजार रुपये झाले. त्या पुठ्ठ्यावर असते काय, तर लेन्सचे नाव आणि तिचा क्रमांक. आणि तोच क्रमांक लेन्सच्या अंगावरही असतो. काचेवर ओरखडा आहे का, झूम फिरवताना मध्येच अडते का, व्हीआर सुरू केल्यावर चित्र स्थिर होते की घरघर करून उडी मारते, माउंटचे (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याचे) स्क्रू कोणी खोलले आहेत का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बॉक्स देत नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात माळ्यावर आईची तांब्याची पिंपे, दोन गाद्या आणि भावाची इंजिनिअरिंगची पुस्तके आहेत. तेथे मी नऊ वर्षे एक रिकामा पुठ्ठा ठेवला नाही, यावरून माझ्या स्वभावाची परीक्षा होत असेल तर ती मला मान्य नाही.

वाशीकर ७४

माझे वाक्य दिलेत, पण पुढचे गाळलेत. मी "बॉक्स आणि बिल" असे लिहिले होते. बिलावर तारीख असते, दुकान असते आणि क्रमांक असतो. बॉक्सवरचा क्रमांक त्याच्याशी जुळला की वस्तू कोठून आली हे कळते. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला भारतातली वॉरंटी लागू होत नाही, हे येथे कोणाला सांगायला नको. शिवाय भारतीय न्याय संहितेचे ३१७वे कलम एकदा वाचावे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही जो तो घेतो, तोही त्यात अडकतो. मोबाईल चोरीला गेला तर त्याचा आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र क्रमांक) तक्रारीनंतर सरकारी यंत्रणेमार्फत बंद करता येतो. लेन्सला तशी काहीही सोय नाही. मग घेणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? आपल्या चेहऱ्यावर?

ऐरोली शटर

अठरा वर्षे लग्नांचे फोटो काढतो आहे. नवा कॅमेरा येतो त्याच दिवशी बॉक्स भंगारात जातो, कारण दुसऱ्या दिवशी हळद असते. आमच्यासाठी कॅमेरा म्हणजे सुताराची करवत आहे, आणि करवतीचा बॉक्स कोणी विचारत नाही.

एकच बॉक्स चुकून राहिला होता, निकॉनच्या डी७५० कॅमेऱ्याचा. तो कॅमेरा विकताना आलेला मुलगा बॉक्स पाहून इतका खूश झाला की त्याने किती क्लिक झाले हे विचारलेच नाही. त्या शटरची चाचणी कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत केलेली आहे. माझा आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे होता. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच तो आकडा लिहिलेला असतो, एक फोटो काढून पाहायचा. मी स्वतःहून सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पडला आणि मला चार हजार कमी करावे लागले. याच कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या काही नगांत फोटोत प्रकाशाची विचित्र पट्टी येत असे. २०१५च्या सुमारास कंपनीने ते फुकट दुरुस्त करून दिले. दोष नसलेल्या किंवा दूर झालेल्या नगाच्या ट्रायपॉडच्या भोकात काळी खूण असते. ती खूण भोकात आहे, बॉक्सवर नाही.

रीळवाला

एक दुरुस्ती. आपण सगळे वापरायच्या वस्तूंबद्दल बोलत आहात. १९८२च्या निकॉन एफएम२सारखा फिल्म कॅमेरा त्याच्या बॉक्ससह, माहितीपुस्तिकेसह आणि पट्ट्यासह मिळाला, तर मी आनंदाने जास्त पैसे देतो, कारण माझ्यासाठी ती सगळी मिळून एक वस्तू आहे. मुंबईच्या बोरा बाजारात मी बॉक्ससाठी घासाघीस केली आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण २००६मध्ये बाजारात आलेल्या आणि लाखोंनी खपलेल्या प्लास्टिकच्या ७०-३००ला संग्राह्य समजणे म्हणजे स्टीलच्या डब्याला पुरातन भांडे म्हणण्यासारखे आहे.

पाणथळ

बॉक्स सांभाळणाऱ्याने लेन्सही सांभाळलेली असते, या समजुतीची फी मी भरली आहे.

२०२१मध्ये सीवूड्स स्टेशनबाहेर हीच ७०-३०० घेतली. बॉक्स, बिल, वॉरंटी कार्ड, एवढेच काय, सिलिका जेलची पुडीही जागच्या जागी. विकणारे गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "बॉक्समधून फारशी बाहेरच काढलेली नाही." ते वाक्य ऐकून मी तेथूनच परत फिरायला हवे होते. मी मोबाईलचा टॉर्च मारून पाहिले, सगळे स्वच्छ दिसले. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या लेन्सची आतली, प्रकाश कमी-जास्त करणारी पाती लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्यावर मिटलेली असतात आणि मागची बारीक कळ बोटाने सरकवल्याशिवाय आतली काच पूर्ण दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे नेरुळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगोंचे फोटो काढताना, सूर्य समोर आला की सगळे चित्र दुधाळ होऊ लागले. दुरुस्तीवाल्याने खोलून दाखवले, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. २,८०० रुपयांत ती साफ झाली, पण कोटिंगवरचे डाग कायमचे राहिले.

आपल्या हवेत पावसाळ्याचे चार महिने पुठ्ठा ओल धरून ठेवतो. त्यात बंद, अंधारात, हलवाहलव न होता पडलेली लेन्स म्हणजे बुरशीला दिलेले भाड्याचे घर आहे.

कोलशेतकर

बुरशी बॉक्समुळे नाही, निष्काळजीपणामुळे येते. मी लेन्स हवाबंद डब्यात तांदळात ठेवतो. बारा वर्षांत एकही डाग नाही. हवा कोरडी ठेवणारी सात-आठ हजारांची विजेची कपाटे विकणाऱ्यांनी उगाच घबराट पसरवली आहे.

पाणथळ

तांदळात? तांदळाचे पीठ झूमच्या फटीत जाते. आणि तांदूळ ओल शोषतो तो त्याच्या मर्यादेपर्यंत. आपल्या किराणा दुकानातला तांदूळ मुळातच बऱ्यापैकी ओलसर असतो. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता हवी असेल तर सिलिका जेल घ्या आणि त्याचा निळा रंग गुलाबी झाला की गरम करून पुन्हा कोरडे करा. किंवा कपाट घ्या.

ऐरोली शटर

रोज वापरा. माझ्या लेन्सना बुरशीसाठी सवडच मिळत नाही.

कोलशेतकर

ताई, पुस्तकी ज्ञान वेगळे आणि अनुभव वेगळा. तुमचीच लेन्स बुरसटली, माझी नाही. आणि बुरसटलेली लेन्स बाकीच्यांसोबत ठेवली असेल, तर त्यांनाही लागण झाली असेल, तेही बघून घ्या.

पाणथळ

लागण व्हायला तो गोवर नाही. बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. ते रुजतात की नाही हे ओल ठरवते. बारा वर्षांच्या अनुभवात आपण एकदा तरी डब्यातली आर्द्रता मोजली आहे का? चार-पाचशे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो. मोजून सांगा, मग ताई म्हणा.

वाशीकर ७४

चर्चा तांदळावर गेली, म्हणजे मुद्द्याला उत्तर नाही असे मी समजतो. निवांत यांनी बिलाबद्दल अवाक्षर काढलेले नाही.

नौपाड्याचा निवांत

बिल आहे. आपण विचारलेच नाही. आपण थेट माझ्या संगोपनकौशल्यावर घसरलात. आपण खरेदीदार आहात की तपास अधिकारी?

वाशीकर ७४

विचारलेच आहे तर सांगतो. काही वर्षांपूर्वी हार्बरच्या लोकलमध्ये माझी बॅग गेली, कॅमेरा आणि दोन लेन्सांसह. रेल्वे पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, "क्रमांक?" मला एकही पाठ नव्हता. बिल दुकानदाराने हाताने लिहिले होते आणि त्यावर क्रमांक टाकलाच नव्हता. घरी येऊन माळ्यावरचे तीन बॉक्स उतरवले आणि त्यांवरचे तीन क्रमांक तक्रारीत लिहून दिले. माल मिळाला नाही. परंतु तेव्हापासून जाहिरातीत ते मॉडेल दिसले की मी क्रमांक मागतो आणि "बॉक्स नाही, बिल नाही" असे लिहिलेले पाहिले की माझे डोके फिरते. आपल्या लेन्सवर राग निघाला असेल तर तो आपल्यावर नव्हता.

ऐरोली शटर

वाईट झाले. मात्र कॅमेऱ्याचा क्रमांक तुमच्या जुन्या फोटोंच्या माहितीतही सापडला असता.

वाशीकर ७४

कॅमेऱ्याचा, हो. ते मला नंतर कळले. माझ्या त्या लेन्सांचा नव्हता सापडत.

नौपाड्याचा निवांत

हे आधी लिहिले असतेत तर मी एवढा मजकूर टंकला नसता. ठीक आहे, एवढे मान्य करतो की ज्याच्या मालकीची वस्तू आहे त्याला बॉक्सचा उपयोग आहे. तो उपयोग मोबाईलमध्ये काढलेल्या एका फोटोनेही होतो आणि त्याला माळा लागत नाही, हेही आपण मान्य करावे. घेणाऱ्याने त्यासाठी साडेचार हजार कापावेत, हे मात्र मला आजही पटत नाही.

वाशीकर ७४

फोटोचे मान्य. दोन हजार कापावेत.

रीळवाला

यालाच घासाघीस म्हणतात, आणि तीही वस्तू न घेता.

नौपाड्याचा निवांत

लेन्स काल १२,५०० ला गेली. कळव्याचा एक तरुण तलावपाळीला आला होता. स्वतःचा कॅमेरा आणि टॉर्च घेऊन आला, मागची कळ सरकवून आत पाहिले (पाणथळ यांचे आभार, त्याने हा धागा वाचला होता), वीस-पंचवीस फोटो काढले आणि पैसे दिले. बॉक्सबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

वाशीकर ७४

बिल?

नौपाड्याचा निवांत

मागितले. दिले. क्रमांक जुळवून पाहिला त्याने.

वाशीकर ७४

मग मुलगा शहाणा आहे.

पाणथळ

कोलशेतकर, आर्द्रतामापक घेतलात का?

कोलशेतकर

घेतला. रात्रभर डब्यात तांदळात ठेवला होता.

पाणथळ

आकडा?

कोलशेतकर

६८. तांदूळ जुना होता.