एमजीबीचे मॅनिफोल्ड: नटाला हात लावण्याआधी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या जोडनळीचे) नट गंजलेत, लांब पाना घालून जोर लावू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया लावू नका. नट नाही सुटला तर स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, तोंडाशीच तुटतो, आणि मग ड्रिलने तो कोरून काढायचा म्हणजे एका संध्याकाळचं काम आठवडाभर चालतं.

आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत सोडा. मगच सहा कोनी सॉकेट लावून नट थोडा सैल करा, थोडा आवळा, परत सैल करा. करकर आवाज आला की थांबून पुन्हा तेल. कधी नटाबरोबर अख्खा स्टडच फिरत बाहेर येतो. येऊ द्या, त्यात नुकसान काही नाही. बॅटरी, पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर आधी काढायचे हे तुम्हाला माहीत असेलच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि मधल्या स्टडवरचे जाड, मोठे वॉशर दोन्हींना एकदम दाबतात. दोन्हींच्या कडांची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, एकच बाजू दाबली जाते आणि नवं गॅस्केटही (सांध्यातली सील करणारी पट्टी) फुसफुसतं. म्हणून एखादा मॅनिफोल्ड बदलणार असाल तर दोन्ही कडा आधी मोजून घ्या. आणि ते वॉशर जपून ठेवा, साधे पातळ वॉशर तिथे वाकतात.