‘सहभाग’ला दुसरा शब्द आहे का?

कृष्णाकाठ (सांगली): एपिलेप्सी असलेल्या, शिवाय बोलणं-चालणं उशिरा आलेल्या मुलांवरच्या संशोधनाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. अडलंय ते ‘सहभाग’वर. मुलाला अभ्यासात घेतलं, आईनं फिटची वही भरली, तोही सहभाग. आणि काय शोधायचं, कसं विचारायचं हे ठरवतानाच पालकांना बोलावलं, तोही सहभागच! वाचणारी म्हणेल, “म्हणजे सही करायची ना?” अशा मुलांसाठीचा ‘अतिरिक्त गरजा’ हा शब्दही खटकतोय.

माहुलीकर (सातारा): ‘अतिरिक्त’ आधी काढा. जिल्हा परिषदेत नोकरी झालेल्याला अतिरिक्त म्हटलं की समायोजनाची वाट बघणारा शिक्षकच दिसतो. ‘विशेष गरजा असलेली मुलं’ शाळांत रुळलंय. सहभागाऐवजी ‘मसलतीत घेणे’ कसं? अस्सल राजधानीतला शब्द आहे.

भडंगवाटी: मसलतीला कटाचा वास येतो हो. ‘विश्वासात घेणे’ लिहा.

रात्रपाळी (मिरज): ते तर नकोच. विश्वासात घेतात म्हणजे आधी ठरवतात, मग सांगतात. माझ्या मुलाची माहिती एका अभ्यासाला दिली होती. महिन्यात फिट किती, एवढंच विचारायचे. फिटनंतर तो दोन दिवस गळून जातो, घरात कुणाची झोप होत नाही, सहलीला शाळा नेत नाही, याला रकानाच नव्हता. आधी विचारलं असतं तर मीच आखून दिला असता.
आणि ‘फेफरं’ लिहू नका. त्या शब्दामागोमाग कांदा आणि चप्पल हुंगवायला येतात.

माहुलीकर: मग ‘आकडी’?

रात्रपाळी: बोलताना आम्हीही म्हणतो. पण लहान मुलांना नुसत्या तापातही आकडी येते, ती एपिलेप्सी नव्हे. पत्रकात एकदा ‘अपस्मार (एपिलेप्सी)’ लिहा, पुढे ‘फिट’.

कृष्णाकाठ: पटलं. ‘संमती’ आणि ‘होकार’ मात्र वेगळे ठेवतेय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती पालकांची, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला समजत असेल तर त्याचा होकारही.

रात्रपाळी: माझा बोलत नाही. पण तपासणीची टोपी घालायला गेलं की मान फिरवतो. तो नकार आहे, हेही छापा.

कृष्णाकाठ: छापते. आणि ‘सहभाग’ हे नामच सोडून देते: “हा अभ्यास कसा करायचा, हे आमच्याबरोबर ठरवायला पालक हवे आहेत.”

भडंगवाटी: झकास. एसटीचं भाडं कोण देणार, तेही खाली लिहा.